रोडग्यांचा धूर

पुसदच्या बसस्टँडमागे भगवानरावांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. त्यांना आयुष्यात दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे त्यांच्या हातून दुरुस्त झालेली पाण्याची मोटर पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. दुसरी म्हणजे त्यांनी आजवर कुठल्याही देवाला नवस बोललेला नाही. "मोटर जळाली त देव येते का कॉइल गुंडाळाले?" असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. गिऱ्हाइकाची मोटर त्या वेळी त्यांच्या टेबलावर पोट फाडून पडलेली असायची, त्यामुळे तो बिचारा मुकाट्यानं मान डोलवायचा.

दिवाळी सरली आणि एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "शनवारी आपण कॅम्पिंगले जातो. दुकानाले तशीही सुट्टीच असते. सारा स्वयंपाक मी करतो. नलू फक्त बसते."

नलू ही त्यांची बायको. पावसाळ्यात तिला डेंग्यूनं गाठलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात तिच्या पेशी रोज उतरत गेल्या, मग चढत गेल्या, आणि ती घरी आली. ती आली, पण तोंडाची चव काही आली नाही. काहीही दिलं तरी "मातीवानी लागते" म्हणायची आणि अर्ध्या पोळीवर ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पण हळूहळू म्हणजे किती, हे डॉक्टर सांगत नाहीत. ब्लाउज सैल झाले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. भगवानरावांनी संत्री आणली, बर्फी आणली, नेरहून कुणी येणार होतं त्याच्याकडून तिच्या माहेरचं लोणचं मागवलं. नलू परक्याच्या घरचा प्रसाद घ्यावा तशी जिभेवर चिमूटभर ठेवायची आणि पाणी प्यायची.

ताट सरकवल्याचा तो आवाज आला की भगवानरावांचाही घास हातातच राहायचा. पण बोलून दाखवतील तर ते भगवानराव कसले? ते म्हणायचे, "अन्नाची नासाडी करू नये."

कॅम्पिंगचं खूळ आलं ते अर्पिताच्या मोबाइलमधून. अर्पिता त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. तिनं एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा तळ्याकाठी एका कुटुंबानं तंबू ठोकलेला, शेकोटी पेटवलेली. चंदेरी कागदात गुंडाळलेले बटाटे निखाऱ्यात पुरायचे, पाव काडीला टोचून शेकायचा, की झालं जेवण. भगवानरावांनी बटाट्याकडे पाहिलंच नाही. ती माणसं डोळे मिटून चवीनं खात होती, त्यांच्या तोंडांकडे ते पाहत राहिले. उघड्यावर भूक लागते, हा शोध त्यांना तिथल्या तिथे लागला.

"हे लोक आत्ता शिकून राह्यले," ते मोबाइल परत देत म्हणाले. "आपला रोडगा पाह्यला नाही यायनं. कणकेचा गोळा करा, गोवऱ्यांच्या विस्तवात टाका, काढा, तूप सोडा. दुनियेत एवढं सोपं जेवण नाही."

"बाबा, तुम्ही कधी केले का रोडगे?"

"खाल्ले त हायेत न."

एका गिऱ्हाइकाचं शेत गावाबाहेर तलावाला लागून होतं, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. "केव्हाही या" असं तो म्हणाला होता. लोक हे सगळ्यांनाच म्हणतात. भगवानराव खरोखर गेले. तंबू ऑनलाइन मागवला होता. तो त्यांनी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, भल्यामोठ्या कडुनिंबाखाली उभा केला. निंबाचं खोड इतकं रुंद की पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि उगाच झाडाला वळसा घालून बघावं असा भगवानरावांचा स्वभाव नव्हता. झाडाच्या पलीकडच्या अंगाला मारोती बसला होता. शेंदूर ताजा होता.

आता तुम्हीच बघा. वार शनिवार, झाड मारोतीचं, झाडाखाली गोवऱ्यांचा धूर आणि धुरात रोडगे. आमच्या भागात एवढं दिसल्यावर कुणाला काही विचारावं लागत नाही. कुणाचा तरी नवस पुरा झाला आणि तो मारोतीला रोडगे देतोय, हे लहान पोरसुद्धा सांगेल. भगवानरावांनाही ते सांगता आलं असतं, पण त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते आणि ते फुंकत होते.

नलू चटईवर बसली होती. तिला उठायची बंदी होती.

"कणकेत पाणी जास्त होऊन राह्यलं," ती एकदा म्हणाली.

"तू बस."

"वांगे चिरले ते पाण्यात टाका, काळे पडतात."

"नलू, तू फक्त बस."

मग तिनं तलावाकडे तोंड फिरवलं.

पहिल्यांदा आले ते तांड्यातले फुलसिंग. म्हातारे, डोक्याला लाल फेटा. राम राम झाला. त्यांनी विस्तव पाहिला, परात पाहिली, तंबूभोवती एक चक्कर मारली.

"रोडगे न भाऊ?"

"रोडगेच."

"तुमचेच?"

"मंग कोणाचे?" भगवानरावांची छाती फुगली.

"मांडव बी टाकला," तंबूच्या कापडाला हात लावून फुलसिंग म्हणाले. "चांगलं केलं. सांगतो मी सगळ्याइले."

भगवानरावांना वाटलं, म्हातारा कॅम्पिंगची बातमी तांड्यात नेतोय. दुकानाचं तेवढंच नाव होईल. "सांगा न," ते म्हणाले. "येऊ द्या, पाहू द्या सगळ्याइले."

आणि सगळे आले. पुढे फुलसिंगांची बायको सोनीबाई, डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन. तिच्यामागे बायका, कुणाकडे कणिक, कुणाकडे तुपाची बरणी. मग पुरुषमंडळी, गोवऱ्यांचं पोतं आणि भाजी शिजवायचं एक मोठं गंज घेऊन. पोरांच्या हातात पत्रावळ्या. तंबू बघायला पत्रावळ्या कशाला लागतात, हा प्रश्न भगवानरावांना पडला, तेवढ्यात एका माणसानं चपला काढल्या, तो निंबामागे गेला आणि तिकडून घंटा वाजली. भगवानरावांनी पहिल्यांदा झाडाला वळसा घालून पाहिलं. मारोती त्यांच्याकडेच पाहत होता.

ते परत आले तेव्हा अर्पिता वाटच पाहत होती. "बाबा, यायले वाटून राह्यलं, तुम्ही नवस फेडून राह्यले."

"समजलं मले."

"मंग सांगा न खरं काय ते."

सांगायलाच ते निघाले होते. पण लोक ओळीनं बसायला लागले होते, आणि सोनीबाईनं भगवानरावांची भाजी मोठ्या गंजात ओतून त्यात आपली वांगी चिरायला घेतली होती. शिवाय सांगणार तरी काय? मारोतीच्या वाराला, मारोतीच्या पायाशी विस्तव पेटवला तो आम्हा तिघांचं पोट भरायला? देवाच्या रोडग्यांना बोलावणं लागत नाही आणि तिथून कुणाला परत पाठवत नाहीत. लहानपणी भगवानरावांनी स्वतः शेजारच्या गावांतले असे कितीतरी नवस जेवून काढले होते. कुणाचा, कशाचा, असं कधी विचारलंसुद्धा नव्हतं. ते निमूट परत फिरले आणि आणखी कणिक भिजवायला बसले.

मग जो तो कामाला लागला. विस्तव पसरला. पुरुष निखारे सारखे करू लागले, बायका गोळे वळू लागल्या. भाजीत कुणी तिखट घातलं, कुणी कोथिंबीर घातली. चाखून मात्र कुणीच पाहिलं नाही, कारण देवाला दाखवायच्या आधी चाखत नाहीत. काही बायका नलूच्या चटईवर येऊन बसल्या. तिची बंदी मोडली नाही, पण चटई भरून गेली. आपला नवरा परातीशी घामाघूम झालेला पाहून तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. ते हसू असावं.

पत्रावळ्या मांडून झाल्या, तेव्हा फुलसिंगांनी भगवानरावांच्या हातात नारळ दिला.

"भाऊ, आता नवस सांगा."

"म्हणजे?"

"कायचा होता, कसा पुरा झाला, हे पंगतीसमोर सांगा लागते. मंग नारळ फोडाचा. मंग जेवाचं."

सगळी पंगत त्यांच्याकडे बघू लागली. भगवानरावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "दुकान," ते म्हणाले. "दुकान बरं चालून राह्यलं."

"ते त आमच्या मोटरा जळतात म्हणून चालते," कुणीतरी मागून म्हणालं आणि पंगत हसली.

भगवानरावांनी अर्पिताकडे पाहिलं. हे आता आपलं लग्न काढतात की काय, या धास्तीनं तिनं आधीच मान जोरात हलवली. मग त्यांनी नलूकडे पाहिलं. नलू कुतूहलानं पाहत होती. या माणसानं नवस बोललेला नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? यातून ते कसे सुटतात, तेवढंच तिला पाहायचं होतं.

"हिच्या पेशी उतरून राह्यल्या होत्या," भगवानराव म्हणाले.

हे बोलायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पण तोंडातून निघालं, आणि निघालेलं परत घेता येईना.

"डॉक्टर म्हणे, वाट पाहा. मले वाट पाहता येत नाही. दवाखान्याच्या मांगं पाण्याची मोटर होती, बेअरिंग गेलेली, ओरडून राह्यली होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण मी खोलली. खोलता खोलता म्हटलं, हे चालू झाली त नलू घरी येते. अन् नाही झाली त..." ते नारळाची शेंडी ओढत राहिले. "मोटरीलेच म्हटलं. देवाले नाही म्हटलं. मले देवाले म्हणता येत नाही."

"झाली का चालू?" सोनीबाईनं विचारलं.

"झाली न. अन् हेही आली घरी. पण जेवत नाही. ताट सरकवते अन् मले लई भेव वाटते."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आपल्याला भीती वाटते हे या माणसानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं ते अख्ख्या तांड्यासमोर. नलूनं मान खाली घातली आणि चटईचा उसवलेला काठ ती बोटानं सारखा करत राहिली.

मोटरीला बोललेला नवस मारोतीच्या खात्यात धरायचा की नाही, याचा फुलसिंगांनी थोडा विचार केला. "म्हटलं त मनापासून न?" ते म्हणाले. "मंग नवसच हाय. फोडा नारळ."

नारळ फुटला. नैवेद्य दाखवून झाला. पंगत बसली आणि भगवानराव रोडग्यांची टोपली घेऊन वाढायला निघाले. वाढत होते इकडे, डोळे होते नलूच्या पत्रावळीवर. सगळे खाली मान घालून जेवत होते, कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. जेवण जमलं की लोक बोलत नाहीत, असा त्यांनी अर्थ लावला.

सोनीबाईनं नलूचा रोडगा फोडून त्यात तूप सोडलं. नलूनं तुकडा भाजीत बुडवला, तोंडात घातला, चावला. मग थांबली. हे थांबणं भगवानरावांच्या ओळखीचं होतं. यानंतर ताट सरकतं. टोपली तिथेच ठेवून ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांग न."

नलूनं दोन्ही बाजूंना पाहिलं, पुढे वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "मीठ नाही."

भगवानराव तिच्याकडे पाहत राहिले. "तुले समजलं?"

"समजाले काय झालं? भाजीत नाही, रोडग्यात बी नाही. टाकलंच नाही तुम्ही."

खरंच टाकलं नव्हतं. पण भगवानराव उठले ते पोरगी बोर्डात आल्यासारखे. "मीठ नाही!" ते पंगतीच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "अहो, कशातच मीठ नाही! हिले समजलं!"

सगळ्यांचे हात थांबले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहऱ्यांवर नुसती सुटका दिसत होती.

"आमाले वाटलं," फुलसिंग घास गिळून म्हणाले, "तुमचा नवसच अळणी हाय. म्हणून गुपचूप खाऊन राह्यलो."

पंगत जी हसायला लागली ती थांबेना. कुणीतरी तांड्यातून मीठ आणलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणला. नलूनं भाजीत मीठ कालवलं आणि हसता हसता रोडगा संपवला. मग पत्रावळ पुढे केली. "अजून एक द्या. जळका नका देऊ."

भगवानरावांनी टोपली चाचपली. टोपली रिकामी होती. एकच रोडगा उरला होता, तो त्यांच्या स्वतःच्या पत्रावळीवर, आणि तो एका बाजूनं चांगलाच काळा पडला होता. त्यांनी तो उचलून तिला दिला. नलूनं जळकी बाजू मोडून त्यांच्या पत्रावळीवर टाकली आणि उरलेला आपल्याकडे ठेवला.

भगवानरावांनी तो तुकडा तोंडात घातला. तो बाहेरून कोळसा होता आणि आतून कच्चा.

"बरा झाला न?" त्यांनी विचारलं.

"नाही," नलू म्हणाली आणि पुढचा घास घेतला.