सरलेला ठेवायचं की काढायचं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या दारावर 'वा. बुद्धे' अशी पाटी होती. पोस्टमन नवा असला की हमखास गोंधळायचा, कारण पत्रं यायची ती वामन सहस्रबुद्धे यांच्या नावानं. नारायण पेठेतल्या त्या इमारतीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी काकांना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "हजार कशाला? एक असली तरी पुष्कळ."

हा आमचा दुसरा संवाद. पहिला पाण्यावरून झाला होता. नळ कोरडा होता म्हणून मी खाली गेले आणि नव्या शेजारणीला शोभेल अशा नम्रपणानं म्हणाले, की काका, त्रास देते, पण आमच्याकडे सकाळपासून पाणी नाही, तर तुमच्याकडेही तसंच आहे की आमच्याच पाइपात काही अडकलंय, एवढंच विचारायला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "'पाणी आहे?' एवढं पुरलं असतं," म्हणाले आणि दार लावलं. पाणी होतं की नव्हतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काका तार ऑफिसातून निवृत्त झाले होते. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे खिडकीशी आलेल्या माणसाचा मजकूर कमी करून देणं ही त्यांनी आपणहून अंगावर घेतलेली सेवा होती. कसब्यातल्या एका गृहस्थांना मुलगा झाल्याचं सासुरवाडीला कळवायचं होतं. त्यांनी फॉर्मवर बाळाचं वजन, नाक कुणावर गेलंय ते, बाळंतिणीची तब्येत आणि ग्रामदैवताची कृपा असं सगळं लिहून आणलं. काकांनी पेन्सिल फिरवली आणि 'पुत्र. सुखरूप.' एवढं ठेवलं. गृहस्थांनी विचारलं, सुखरूप कोण ते कसं कळणार? काका म्हणाले, कुणी नसतं तर तसं लिहिलं असतं.

हीच पेन्सिल नोकरी सुटल्यावर इमारतीभर फिरू लागली. जिन्यात कुणीतरी कागद लावला होता, की रहिवाशांना नम्र विनंती, कृपया पादत्राणे जिन्यात काढू नयेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गैरसोय होते. दुसऱ्या दिवशी ते सगळं खोडून त्यावर 'चपला आत' एवढंच लिहिलेलं होतं. लग्नाची पत्रिका द्यायला कुणी आलं की काका ती उभ्या उभ्या दुरुस्त करून परत द्यायचे. कुणी काही सांगायला लागलं, की दोन वाक्यांनंतर त्यांचा एक शब्द ठरलेला. "पुढे?" तो असा काही यायचा की माणूस आपली गोष्ट गुंडाळून जिना चढू लागे.

घरात ते आणि शालिनीकाकू, दोघंच. मुलगी नागपूरला. मी राहायला येण्याआधीच काकूंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणं गेल्यातच जमा. मी जाता-येता पाहायची ती त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत. अर्ध्या ओठांनी हसायच्या. काकांसारख्या माणसाला बायकोही अशीच मितभाषी मिळालेली असणार, असं मी धरून चालले होते.

मी तेव्हा एका प्रकाशकाच्या कचेरीत हस्तलिखितं वाचायचं काम करत होते. हे कळल्यावर काका एक दिवस वर आले आणि म्हणाले, "कादंबरी लिहिलीय. वाच." मला वाटलं, चार पानं असतील. खाली गेले तर सुतळीनं बांधलेला गठ्ठा समोर आला. दोन्ही हातांनी उचलावा लागला.

त्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात पहाट होत होती. दुसऱ्यातही तीच पहाट चालू होती. नायक दिनकर अंथरुणातून उठला तो तिसऱ्याच्या शेवटी, आणि चूळ भरायला त्याला चौथं प्रकरण लागलं. 'अथांग' हा शब्द विहिरीला होता, डोळ्यांना होता, शांततेला होता आणि एके ठिकाणी चहाच्या कपालाही होता. दिनकरही तार ऑफिसातच कारकून होता, पण बोलायला लागला की त्याला आवरणारं कुणी नव्हतं. लोकांचे जेवढे शब्द काकांनी आजवर खोडले होते, ते सगळे जणू इथे येऊन राहिले होते.

मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, की काका, लांबलंय. ते म्हणाले, ठाऊक आहे, म्हणून तर तुझ्याकडे आलो, आपलंच आपण कसं कापायचं ते शिकव.

मग आमची शिकवणी सुरू झाली. मी त्यांना सांगितलं, आधी काही महिने हे नजरेआड ठेवायचं, म्हणजे परक्याचं वाटायला लागतं. गठ्ठा त्यांनी स्वतःच माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली मला दिली. आठवडा व्हायच्या आत दारात उभे. एकच पान बघतो म्हणाले. ते एक पान त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं आणि त्यात पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आणखी एक पान घातलं.

विशेषणं काढा म्हटलं, तर त्यांनी काढली, आणि प्रत्येक काढलेल्या विशेषणाच्या जागी ते का काढलं याचं कारण समासात लिहिलं. खोडायला हात धजत नाही म्हणून कात्री घेतली. नको असलेली वाक्यं कापून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची असं ठरलं. सकाळी कापायचे, आणि संध्याकाळी कणकेची खळ करून तीच वाक्यं पुन्हा चिकटवायचे. पानं पापडासारखी कडक झाली. मी विचारलं, काका, हे काय? ते खाली मान घालून म्हणाले, एकटं पडलेलं वाक्य वाईट दिसतं.

दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा मोठा झाला.

सुरुवातीला मला हसू यायचं. हळूहळू ते ओसरलं, कारण काका खरोखरच खंगत चालले होते. दाढी दोन-दोन दिवस राहू लागली. जिन्यातल्या कागदांकडे त्यांचं लक्ष जाईना. एकदा जोशीबाईंनी त्यांना गाठून आपल्या पित्ताची हकीकत अथपासून इतिपर्यंत ऐकवली, तरी त्यांच्या तोंडून 'पुढे?' निघालं नाही. एवढी नोकरी केली आणि मला कापता येत नाही, असं ते माझ्याकडे येऊन पुन्हा पुन्हा सांगायचे. दुसऱ्याचं कापताना कधी हात अडला नव्हता म्हणायचे, अगदी मरणाच्या तारेतही.

मग मी कचेरीत सांगतात तेच त्यांना सांगितलं, की पात्रांकडून सुरुवात करा. ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही त्याला काढा. यात मात्र काका निर्दय निघाले. दिनकरचा मित्र गेला, साहेब गेला, समुद्रावरची सहल गेली. पहाटसुद्धा गेली. गठ्ठा हलका होऊ लागला. शिल्लक राहिली ती दिनकरची बायको, सरला.

सरला बोलायची. दुसरं काहीच करायची नाही. "अहो, मी काय म्हणते, कल्हईला भांडी द्यायला तांबट आळीत गेले होते ना, तर वाटेत भेटली कोण, तर ती नाही का पूर्वी आपल्या समोर राहायची, घाऱ्या डोळ्यांची, तिची नणंद," अशी ती सुरू व्हायची, आणि नणंदेचं मोडलेलं लग्न, ते मोडणारा मामा आणि मामाची शिवाजीनगरची खोली करत पानंच्या पानं चालायची. वाचायला मजा यायची, पण प्रत्येक गोष्टीचा शेवट कसातरी उरकलेला. 'मग तिचं सगळं मार्गी लागलं,' एवढंच. आणि सगळी खाडाखोड नेमकी त्या शेवटांवर. पान फाटेस्तोवर खोडलेलं.

मी काकांना स्वच्छ सांगितलं, की सरलेमुळे कथानक इंचभरही हलत नाही, तिच्या गोष्टींना शेवट नाहीत, तिला काढलंत तर कादंबरी उभी राहील.

"सरला नको?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हणाले. बरं, म्हणून त्यांनी गठ्ठा काखेत घेतला आणि ते गेले. त्यानंतर बरेच दिवस वर आले नाहीत.

त्यांची काही पानं माझ्याकडे राहिली होती. ती द्यायला एका रविवारी दुपारी मी खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका काकूंच्या खुर्चीसमोर स्टूल टाकून बसले होते आणि सरलेचं बोलणं मोठ्यानं वाचत होते. ते माझ्या ओळखीचे काका नव्हते. हातवारे करत होते, घाऱ्या डोळ्यांची आली की डोळे मोठे करत होते. गोष्टीच्या शेवटाशी आले आणि थांबले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "तसं नाही."

काकांनी तो शेवट खोडला. मग नणंद-भावजयीची पुन्हा भेटच झाली नाही का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, "तसं नाही." मामानं परवानगी दिली? "तसं नाही." काकांनी पेन्सिल खाली ठेवली, काकूंच्या ओठांच्या कडेचं पाणी पंचानं टिपलं, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

त्यांनी मला आत बसवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. झटका आल्यापासून काकूंजवळ हे दोनच शब्द उरले होते. चहा दिला तरी तसं नाही, गोळी दिली तरी तसं नाही, नागपूरहून मुलीचा फोन आला तरी तेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की तोंडातून आपोआप येतं, त्याला अर्थ धरू नका. पूर्वी काकू किती बोलायच्या ते इमारतीतल्या जुन्या कुणालाही विचार, असं काका म्हणाले. बाजारातून आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी सुरू व्हायच्या.

मला तेव्हा कळलं. मी विचारलं, "म्हणजे सरला म्हणजे काकूच?"

"हो."

"मग तिच्या गोष्टींचे शेवट काकूंनी सांगितलेलेच का नाही लिहीत?"

काकांनी पंचाची घडी घातली. मग म्हणाले, "मी ऐकलेले नाहीत. सुरुवात सगळ्यांची आठवते. शब्द न् शब्द. शेवट एकाचाही नाही. मी मध्येच 'पुढे' म्हणायचो, आणि मग ती उठून आत जायची."

काकू आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. डॉक्टर म्हणतात ते खरंच असेल, असं काका पुढे म्हणाले. पण समजा शंभरांतल्या एखाद्या वेळी ती खरंच सांगत असेल, तर? म्हणून ते रोज दुपारी नवा शेवट लिहून वाचून दाखवत होते. कादंबरी ही अशी लांबत गेली होती.

मी सरलेला काढा म्हणाल्यावर त्यांनी काय केलं होतं तेही त्या दिवशी दाखवलं. त्यांनी दिनकरला काढलं होतं. नायक संपूर्ण गेला होता, बिस्किटाच्या डब्यासकट. त्याचं तिथे काही काम नव्हतं, म्हणाले.

राहिलेली पानं मी सुवाच्य अक्षरात उतरवून कचेरीत दाखवली. ती परत आली. भाषा चांगली आहे, पण एकच बाई बोलत राहते, गोष्टी अर्धवट सुटतात, समोर ऐकणारा कुणीच दिसत नाही, असा शेरा होता. तो काकांपासून लपवावा असं मला वाटलं, पण त्यांनी मागून घेतला, वाचला आणि अभिप्राय बरोबर आहे म्हणाले. एवढं नेमकं लिहिणारी माणसं प्रकाशकाकडे असतात याचं त्यांना कौतुक वाटलं.

थंडीत काकूंची तब्येत आणखी उतरली. खाणं कमी झालं. मुलगी येऊन राहून गेली. शेवट लिहिणं मात्र चालूच होतं.

एका सकाळी काका घाईघाईनं वर आले. श्वास लागला होता. कालच्या शेवटाला काकू हसल्या होत्या. आवाज करून. पूर्वी हसायच्या तशा, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काकांनी ते पान वेगळं काढून ठेवलं, रात्रभर उशाशी घेतलं, सकाळी चहा झाल्यावर पुन्हा वाचलं.

"आणि?" मी विचारलं.

"तसं नाही म्हणाली."

त्यांनी पान माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. "तू यातली जाणकार. कालच्यात आणि आजच्यात काय बदललं, बघ. मी एक अक्षर हलवलेलं नाही."

मी पान वाचलं. कल्हईचं दुकान, घाऱ्या डोळ्यांची, नणंद, मामा, आणि खाली काकांच्या बारीक अक्षरातल्या चार ओळी. नणंद मामाच्या छत्रीतून पळून जाते, असं काहीतरी होतं. मी पुन्हा वाचलं. कुठल्या शब्दाला हसल्या असतील ते मला सांगता येईना. काका माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला. तेच दोन शब्द, जिन्यातून वर येईतो विरलेले.

"बोलावतेय," काका म्हणाले. पान त्यांनी माझ्या हातातून घेतलं, आणि चपला आमच्या दारातच विसरून ते भरभर जिना उतरू लागले.