रिकाम्या पिशवीचे दोन बंद

आमचे तात्या उखाणा घेतल्याशिवाय मेथीची जुडीसुद्धा घेत नाहीत. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. डोंबिवलीत आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. रंगाच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनाला जातात. ह्यांच्या डोक्यात दोनेक वर्षांपासून हे खूळ शिरलंय.

"मेथीच्या जुडीला सुंभाचा दोरा, कुमुदचं नाव घेतो, भाव लावा बरा." भाजीवाली हसते, भाव काही लावत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण रंगात आलं असताना हे उठले नि म्हणाले, "पाण्याच्या टाकीला गंज चढला फार, कुमुदचं नाव घेतो, खर्चाला माझा होकार." एवढ्यावर थांबतील तर शपथ. लगेच कुमुदकाकूंकडे वळून म्हणायचं, "आता तू."

काकू बिचाऱ्या चारचौघांत लाजत लाजत आपला लग्नातला उखाणा म्हणतात. "दुधाला विरजण, विरजणाचं दही, वसंतरावांच्या नावाची काळजावर सही." दर वेळी हाच. ऐकून ऐकून मला दह्याचाच कंटाळा आलाय.

दुसरं खूळ पिशवीचं. बाहेर पडलं की कापडी पिशवीचा एक बंद तात्यांच्या हातात, दुसरा काकूंच्या. पिशवीत बहुधा काहीच नसतं. रिकाम्या पिशवीला दोन हमाल कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सूनबाई, वजन वाटून घ्यावं."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही ह्या दोघांना घेऊन ठाण्याच्या खाडीकाठी गेलेलो. तिथे तिवरांचं राखीव जंगल आहे, फ्लेमिंगो येतात. माझ्या नवऱ्याने, नितीनने, गाडीतच बजावलं की आज उखाणा नको, लोक बघतात. तात्यांनी मान डोलावली. तिकिटाच्या खिडकीशी त्यांचे ओठ हलले, आवाज मात्र फुटला नाही. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

लाकडी पुलाच्या टोकाला नितीनने त्यांच्या हातात दुर्बीण दिली. दुर्बिणीला दोन हात लागतात. तात्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि मला हिच्याकडे लक्ष ठेव म्हणाले. काकू काय कुक्कुलं बाळ आहेत, असं मनात म्हणत मी फोटो काढायला लागले. वळून बघते तर काकू नाहीत.

संडासाशी नाहीत, खिडकीशी नाहीत, गेटमधून कोणी बाहेर गेलेलं नाही, असं सांगून वॉचमनही आमच्याबरोबर आला. मग पुलाच्या कडेने खाली तिवरांत उतरणारी कोळ्यांची जुनी वाट दिसली, आणि तिच्या तोंडाशी काकूंची एक चप्पल. वॉचमन पाण्याकडे बघून म्हणाला, भरती लागलीय, ही वाट बुडते. चिखलात गुडघाभर गेलेला माणूस आपला आपण निघत नाही. घसा फाटेस्तोवर आम्ही काकू, काकू करत राहिलो. ओ नाही. वॉचमन फळ्या आणायला धावला. नितीन खाली उतरला तो तिसऱ्या पावलाला रुतला, त्याला ओढून काढता काढता माझा दम निघाला.

"हाका मारू नका," तात्या म्हणाले. "हाकेला ती ओ देत नाही आता. तिला वाटतं, दुसऱ्याच कोणाला बोलावतायत."

मग एकेक आठवलं. काकूंचा गॅस चालू राहायचा, आमटीत मीठ दोनदा पडायचं. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलेलं.

तात्यांनी कठडा घट्ट धरला. "खाडीच्या पाण्याला भरतीची घाई, कुमुदचं नाव घेतो, थांबणं बरं नाही." मग नेहमीसारखं, "आता तू."

काही नाही. पायवाटेवर पाणी चढत होतं, चप्पल तरंगायला लागली. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज चिरकला. पुलावरची माणसं वळून बघत होती. बघेनात का.

"दुधाला विरजण," डावीकडच्या तिवरांतून बारीक आवाज आला, "विरजणाचं दही..." आणि थांबला. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"वसंतरावांच्या नावाची काळजावर सही."

आवाजाच्या रोखाने फळ्या टाकत वॉचमन गेला आणि काकूंना घेऊन आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एक पाय अनवाणी. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांनीच मला थोपटलं. मग पदर सावरून तात्यांना विचारलं, "भाऊ, आमच्या ह्यांना पाहिलंत का हो? आत्ताच आवाज आला त्यांचा."

तात्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. ते हे काही पहिल्यांदा ऐकत नव्हते.

"मागून येतायत," ते म्हणाले. "तोवर गेटपाशी थांबू या." त्यांनी हात पुढे केला. काकू अंग चोरून मागे सरकल्या. परक्या पुरुषाचा हात त्या कशाला धरतील?

तात्यांनी खांद्यावरची पिशवी काढली. "एवढा एक बंद धरता का? एकट्याला जड होतेय."

काकू लगेच पुढे झाल्या.

"द्या इकडे," म्हणाल्या. "वजन वाटून घ्यावं."