काळ्या कोटातला बँड

रोवेनाच्या परीक्षेला जिवंत माणसं लागणार होती आणि तिच्याकडे होता फक्त कॉम्प्युटर.

ती विद्यापीठात संगीतरचना शिकत होती, शेवटच्या वर्षाला. म्हणजे गाणं शिकत नव्हती, वाद्यही शिकत नव्हती. दुसऱ्यांनी काय वाजवायचं ते लिहायला शिकत होती. हे वसईजवळच्या सांडोर गावात समजावून सांगणं सोपं नव्हतं. शेजारच्या उर्सुलामावशीने एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मेहनत दुसऱ्यांनी करायची नि पास तू व्हायचं?" 

आतापर्यंत रोवेनाने जे जे लिहिलं ते कॉम्प्युटरने वाजवून दाखवलं होतं. कॉम्प्युटर चुकत नव्हता, थकत नव्हता आणि श्वासही घेत नव्हता. त्यामुळे तिच्या सगळ्या रचना बँकेतल्या टोकनच्या घोषणेसारख्या ऐकू येत. या वर्षी मात्र सरांनी सांगितलं, की रचना खऱ्या वादकांकडून वाजवून घ्या आणि तिचा व्हिडिओ पाठवा. वर्गातल्या इतर मुलांनी ओळखीपाळखीतून व्हायोलिनवाले गाठले. रोवेनाच्या ओळखीत होता गावातल्या थॉमसअंकलचा बँड.

रचनेला तिने नाव दिलं होतं 'वाट'. तिची आई, हिल्डा, मस्कतच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. रोवेना शाळेत असताना ती तिकडे गेली. नाताळला कधी यायची, कधी नाही. आली तर नाताळच्या देखाव्यातला बाळ येशू कपाटात परत जायच्या आत तिची सुट्टी संपायची. रचनेत कॉर्नेट, तो आखूड पितळी कर्णा, एक ओळ म्हणायचा आणि क्लॅरिनेट तिला जरा उशिराने उत्तर द्यायचं, मस्कतच्या फोनवर उत्तर येतं तसं. रोवेनाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं घरात होतंच कोण, तर तिचे पप्पा, सॅन्टन.

सॅन्टन वाईट माणूस नव्हता. मुलीच्या शिक्षणाला त्याने कधी नाही म्हटलं नाही. फक्त तिची एकही रचना त्याने शेवटपर्यंत ऐकली नव्हती. लॅपटॉप उघडला की तो मोठ्या कौतुकाने समोर बसायचा, आणि निम्म्यावर येतोय न येतोय तोच त्याला बागेतला पंप आठवायचा, नाहीतर केळीचा वाकलेला लोंगर. "छान हाय, छान हाय," म्हणत तो उठायचा. तो बायकोची आठवणही अशीच उठून टाळायचा. हिल्डाचा फोन आला की हवापाण्याचं बोलून झटपट मुलीच्या हातात देणार आणि स्वतः उगाच कुंपणाशी जाऊन उभा राहणार. रोवेनाला मार्कांची काळजी होतीच, पण त्याहून एक इच्छा तिच्या मनात कधीची होती. एकदा, फक्त एकदा, पप्पांनी शेवटपर्यंत ऐकावं.

थॉमसअंकल लगेच तयार झाला. त्याच्या बँडने लग्नं वाजवली होती, सण वाजवले होते, मयतं वाजवली होती. परीक्षा कधी वाजवली नव्हती. त्याने कपड्यांचं विचारलं. रोवेनाने सांगितलं की लग्नातले ते लाल कोट आणि सोनेरी झालरी नकोत, विद्यापीठात सगळे वादक काळ्यात असतात. थॉमसअंकल म्हणाला, काळे कोट आहेत की, ते तर कायम इस्त्री करून ठेवावे लागतात, कारण त्यांचं बोलावणं आधी कळवून येत नाही.

इथे रोवेनाच्या डोक्यात प्रकाश पडायला हरकत नव्हती. पण ती तेव्हा कॅमेरा कुठे ठेवायचा या विचारात होती.

रविवारी दुपारी सॅन्टन केळी पोचवायला वसईला गेला होता. रोवेनाने अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. काळ्या कोटांतली माणसं एकेक करत फाटकातून आत आली, हळू आवाजात बोलत बसली आणि थॉमसअंकलने कॉर्नेट ओठांना लावला. 'वाट' सुरू झाली. संथ, फार संथ.

रोवेनाने लिहिलेल्या जागी थॉमसअंकल श्वास घेत होता. क्लॅरिनेट किंचित बेसूर होतं आणि त्या बेसूरपणामुळेच ते खरंच कुठून तरी लांबून येतंय असं वाटत होतं.

पलीकडे कुंपणाशी उर्सुलामावशी कपडे वाळत घालत होती. तिने खुर्च्या पाहिल्या, काळे कोट पाहिले, ती चाल ऐकली आणि हातातली चादर तशीच बादलीत सोडून दिली. आमच्या लोकांत एक रीत आहे. बँड मयताचा वाजू लागला की कोण गेलं हे दारात विचारायचं नाही. घरच्यांना पुन्हा ते शब्द उच्चारायला लावणं बरं दिसत नाही. जायचं, बसायचं, हळूहळू कळतंच. मावशीने साडी बदलली, जाता जाता वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सॅन्टनकडे बँड आलाय" एवढंच टाकलं आणि येऊन मागच्या खुर्चीवर बसली. ग्रुपवर त्या निरोपाखाली कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

बसल्यावर मावशीने घरातली माणसं मनात मोजली. रोवेना समोर उभी होती. सॅन्टन दिसत नव्हता. हिल्डा मस्कतला. मावशीचा जीव दोघांवर होता, त्यामुळे कोण ते नक्की व्हायची वाट न बघता तिने डोळ्यांना पदर लावला.

रोवेनाने ते पाहिलं आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जिने कधी तिचं संगीत धड ऐकलं नव्हतं ती मावशी रडत होती. तेवढ्यात फाटक वाजलं. पलीकडच्या घरातली मर्सी आणि तिची सासू आल्या, त्यांच्यामागे चर्चमध्ये गाणाऱ्या कोयरमधल्या बायका, मग वटार गावाहून सॅन्टनचा जुना मित्र श्रीरंग. सगळे पाय न वाजवता आले, मान खाली घालून बसले आणि ऐकता ऐकता नाकं ओढू लागले. मर्सीने तर जवळ येऊन रोवेनाचा हात दाबला. रोवेना गदगदून म्हणाली, "थँक्यू. अजून बरंच पुढे आहे." मर्सीला वाटलं पोरगी धक्क्याने काहीतरी बोलते आहे. तिने हात अधिकच घट्ट दाबला.

थॉमसअंकललाही काही शंका यायला जागा नव्हती. काळ्या-पांढऱ्या कपड्यांत शिस्तीत बसलेले, न बोलणारे लोक म्हणजे विद्यापीठाच्या पद्धतीचे श्रोते, हे त्याने ताडलं. लग्नात त्याच्या वाजवण्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, सगळं लक्ष जेवणाकडे. इथे लोक चक्क रडत होते. त्याने डोळ्यांनीच खूण करून बँडला परत पहिल्यापासून घ्यायला लावलं. मयताच्या घरी चूल बंद असेल म्हणून कुणीतरी चहाचं मोठं पातेलं आणून ओट्यावर ठेवलं. रोवेनाला वाटलं, श्रोत्यांसाठी. वाडी इतकी रसिक असेल याची तिला कल्पनाच नव्हती.

आणि तेवढ्यात सॅन्टनची स्कूटर वळणावर आली.

वळणावर उभ्या असलेल्या दोघांना तो गेल्याचं पक्कं ठाऊक होतं. त्याला बघून ते दचकले आणि मग, तो नाही म्हणजे हिल्डा, हे लक्षात येऊन आणखी दुःखी झाले. त्यांनी स्कूटर थांबवून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत. सॅन्टनने पुढे पाहिलं. त्याच्या अंगणात अख्खी वाडी, काळे कोट आणि तो बँड. रोवेना धडधाकट उभी होती, डोळे रडून लाल. घरात तिसरं माणूस एकच.

त्यानेही विचारलं नाही. रीतच तशी. लोकांनी वाट करून दिली, पुढची खुर्ची रिकामी केली आणि सॅन्टन तीवर बसला. कॉर्नेटने विचारलं. क्लॅरिनेटने उशिराने उत्तर दिलं. सॅन्टनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलू लागले.

रोवेना कॅमेऱ्यामागे उभी राहून हे बघत होती. पप्पा उठले नाहीत. पंप नाही, केळी नाही, काही नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत पप्पा बसून होते आणि रडत होते. आयुष्यात याहून अधिक काही मागू नये असं तिला वाटलं. ती धावत त्याच्यापाशी गेली.

"पप्पा, कळलं तुम्हांला?"

"कळलं," सॅन्टन कसाबसा म्हणाला. "मस्कतहून आणणार कधी तिला?"

"कोणाला?"

"तुझ्या आईला."

रोवेनाने मावशीकडे पाहिलं, मर्सीकडे, चहाच्या पातेल्याकडे, थॉमसअंकलच्या कोटाकडे, आणि एकेक करून सगळं तिच्या ध्यानात आलं. "पप्पा, आई बरी आहे," ती म्हणाली. "ड्युटीवर आहे. ही माझी परीक्षा आहे."

मग सगळे एकदम बोलू लागले. उर्सुलामावशीचं म्हणणं होतं, की कुणी मेलं नव्हतं तर तिला आधी सांगायला हवं होतं, ती अर्धं धुणं टाकून आली. थॉमसअंकलला आपल्यासाठी कुणीच रडत नव्हतं हे पचेना. रोवेनाला मात्र एवढंच कळलं होतं. एकही डोळा तिच्या संगीताने ओला झाला नव्हता. पप्पांचा तर नाहीच.

सॅन्टनने खिशातून फोन काढला. हिल्डाला आपणहून फोन करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पडद्यावर ती आली, युनिफॉर्ममध्ये. मागचा काळा जमाव बघून तिचा चेहराच पडला. वाडीची रीत ती मस्कतमध्ये विसरली असावी.

"सॅन्टन, कोण गेलं?"

"कोण नाय. पोरीनं लिवलंय. ऐक." त्याने फोन बँडकडे वळवला आणि थॉमसला म्हणाला, "वाजव परत. आता कोण मेलेलं नाय. आता बघू."

याच्यापुढे रोवेनाला विद्यापीठाची परीक्षा काहीच नव्हती. चहा वाटून झाला नव्हता म्हणून लोकही जागचे हलले नाहीत. 'वाट' परत सुरू झाली. मर्सीची सासू बशीतून चहा भुरकत होती. उर्सुलामावशी कोरड्या डोळ्यांनी क्लॅरिनेटच्या चुका शोधत होती. पप्पांकडे बघायची रोवेनाची हिंमत झाली नाही. ती थॉमसअंकलच्या बोटांकडे बघत राहिली. शेवटचा सूर आला आणि गेला. मग फोनमधून हिल्डाचा आवाज आला, जरा उशिराने.

"सॅन्टन, फोन नीट धर. मला मघापासून नुसत्या तुझ्या चपला दिसतायत. रडतोस काय तू?"

सॅन्टनने बाहीने तोंड पुसलं, ते सगळ्यांनी पाहिलं.

"आता कशाला?" हिल्डा म्हणाली. "मी हाय ना जिवंत."

"मघाशी वाटलं तू गेलीस, तेव्हा रडलो," सॅन्टन म्हणाला. इतक्या लोकांत तो असं काही बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "आता तू हायेस नि इथं नायस, म्हणून."

कुणीतरी हिल्डाला तिकडे वॉर्डातून हाक मारत होतं. तिने हाकेला ओ दिली नाही.

"रोवेना," शेवटी ती म्हणाली, "चांगलं लिवलंयस. पण मी येईपर्यंत हे त्याला परत ऐकवू नको."