पुलाखालचा चहा

आमच्या शेजारचे साळवेकाका पुलाखाली राहणाऱ्या माणसांकडे गेले की चार हात अलीकडेच थांबतात. चपला काढतात, खाकरतात आणि विचारतात, "आत येऊ का?"

आता हडपसरच्या पुलाखाली 'आत' म्हणजे कुठे, हे मला अजून कळलेलं नाही. अंथरलेली ताडपत्री, तीन विटांची चूल आणि दोन्ही बाजूंनी बसगाड्या. पण समोरून 'या' आल्याशिवाय काका पाऊल टाकत नाहीत. एकदा एका गृहस्थांनी "नंतर या, जेवतोय" असं सांगितलं, तर काकांनी आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीला पुलावाच्या पातेल्यासकट उन्हात उभं केलं. गृहस्थ वडापाव खात होते. सावकाश खात होते.

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. 'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. पाळकसाहेब प्रीतीवर तासभर उपदेश करतात. तो संपला की बाहेर येऊन काका म्हणतात, "प्रीती करावी, पण रीतसर."

आमच्या मंडळीचं गोरगरिबांवर फार प्रेम आहे. त्याचा फ्लेक्सही आहे. दर रविवारी उपासनेनंतर पुलाखाली टेम्पो जातो, त्यातून आधी फ्लेक्स उतरतो, मग पातेलं. सेक्रेटरी आढावसाहेब वाढताना कॅमेऱ्याकडे बघतात, त्यामुळे पुलाव बऱ्याचदा पत्रावळीच्या शेजारी पडतो. एका रविवारी फोटोवाला उशिरा आला, म्हणून त्यांनी जेवून उठलेल्या लोकांना परत बसवलं. तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "आढावसाहेब, उद्या दुपारी आपण जेवायला बसलात की मी फोटोवाला घेऊन येतो. वहिनींना तेवढं सांगून ठेवा."

खरा खटका उडाला तो नाताळच्या तोंडावर. नाताळच्या आधी आमची मंडळी गाणी म्हणत घरोघर फिरते. मी ढोलकी वाजवतो. ज्याच्या घरी गाणं, त्याने चहा-फराळ द्यायचा, ही आमची रीत. काकांनी बैठकीत सुचवलं, यंदा यमुनाबाईंकडेही जायचं. यमुनाबाई म्हणजे पुलाखाली पहिल्या खांबापाशी राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई.

"जाऊ की!" आढावसाहेब म्हणाले. "चादरी वाटू, बिस्किटं वाटू."

"काहीही वाटायचं नाही. गायचं आणि चहा प्यायचा."

"अहो, ती बिचारी आपल्याला चहा कुठून पाजणार?"

"ते त्यांना विचारलंत? मी विचारलं. त्यांनी रविवारी संध्याकाळी बोलावलंय. रीतसर आमंत्रण आहे. आपल्याला सध्या अशी आमंत्रणं फारशी येत असतील असं वाटत नाही."

यावर बैठक संपली.

रविवारी यमुनाबाईंनी जागा झाडून पाणी शिंपडलं होतं. टपरीवरून काचेचे ग्लास मागून आणले होते. चुलीवर चहा उकळत होता. आमचं गाणं झालं आणि पहिला ग्लास त्यांनी आढावसाहेबांपुढे धरला. आढावसाहेबांनी घाईघाईने हात जोडले. "नको नको, आमचा आत्ताच झालाय."

यमुनाबाईंचा हात तसाच राहिला. "आमच्यातलं चालत न्हाई व्हय?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "बसा आढावसाहेब! घरची बाई ग्लास घेऊन उभी आहे, आणि आपले नखरे चाललेत?"

आढावसाहेब खाली बसले. त्यांनी डोळे मिटून बरीच लांब प्रार्थना केली आणि चहा प्यायले. काही झालं नाही. मग त्यांनी आणखी अर्धा ग्लास मागून घेतला.

यमुनाबाई खूश झाल्या. "आता म्होरं कुठं? सायबांच्या घरी का?" त्यांनी काकांकडे बघत विचारलं.

काका एकदम चपला शोधायला लागले. त्यांच्या घरी आम्ही जात नाही. शांताकाकू गेल्या, त्या वर्षीच काकांनी आपलं घर फेरीतून काढायला लावलं. दर नाताळात आम्ही त्यांच्या बंद दारावरून माझ्याकडे येतो, आणि माझ्या घरी सगळ्यांत मोठ्याने गातात ते काका.

"आमच्याकडे नको," ते पुटपुटले. "चहा कोण करणार? मंडळींना नुसतंच उभं करायचं, बरं दिसत नाही."

"येवढंच व्हय?" यमुनाबाई म्हणाल्या. "दूध उरलंय की. मी करते. चला."

आणि आम्ही काही बोलायच्या आत दुधाचं पातेलं घेऊन त्या आमच्या टेम्पोत जाऊन बसल्यासुद्धा.

घरी गेल्या गेल्या त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. काकांना कपाटातून कप काढायला लावले. काकूंचे कप, फुलाफुलांचे, धूळ बसलेले. आम्ही बाहेरच्या खोलीत गायला उभे राहिलो. ढोलकी वाजवता वाजवता मला आतलं दिसत होतं. यमुनाबाई चहा गाळत होत्या. शेजारी काका एकेक कप धूत होते आणि रडत होते. अगदी उघडउघड, खांदे हलवून.

आढावसाहेबांनीही ते पाहिलं. गाणं संपत आलं होतं. त्यांनी मला थांबू नकोस अशी खूण केली आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली, चांगली मोठ्याने.