नळीचं दुसरं टोक

खरातमामा घरात आले की चहापाणी नंतर, आधी हातात नळीचं टोक देतात. "सर, जरा धरा बरं." मग पाणी भरलेल्या त्या पारदर्शक नळीनं माझा ओटा, दिवाण, टीव्हीचा कप्पा एका पातळीत आहे का, ते तपासतात. शहागडात मामांनी न मोजलेलं घर शोधून सापडणार नाही. पुतणीच्या लग्नात स्टेज दोन बोटं कललंय म्हणून त्यांनी नवरदेवाला खाली उतरवलं होतं. वरून मामाच म्हणाले, "बुडबुडा न्हाई ना राह्यला, बघून घेतो. नळीत हवा राह्यली की पाणी खोटं बोलतं."

मामा जुने गवंडी. मामी गेल्यावर घरात करमेना, म्हणून सातपुड्यातल्या वीजधरणाच्या कामावर गेले. तिथले पावरा आदिवासी त्या धरणात भागीदार. पाणी कुठवर येणार हे गावासमोर ठरायचं, ही त्यांची अट. साहेबांनी मशीननं भरल्या पाण्याच्या पातळीची एक खुंटी पक्की करून दिली. "मशीन राहू द्या, आम्हाला पाण्यानं दाखवा," लोक म्हणाले. मग त्या खुंटीपासून घराघरापर्यंत चुन्याची रेघ नेली ती मामांनी, नळीनं. दुसरं टोक रुमलीबाई नावाच्या म्हातारीच्या हातात. तिच्याच उंबऱ्याच्या हातभर खाली रेघ आली. घर वाचलं, म्हातारी तिथंच राहिली.

यंदा धरण पहिल्यांदा भरू लागलं आणि मामांचं जेवण सुटलं. "सर, त्या रोजी ऊन लई होतं. टिचकी मारून बुडबुडा काढला का न्हाई, आठवून राह्यलो, बिलकुल आठवंना. म्हातारी माझ्या भरवशावर बसली." रोज ते मला टोक धरायला लावून माझाच ओटा पुन्हा मोजत. मी चिडायचो. पण बातम्यांत पावसाचं नाव निघालं की मीच उठून टोक धरायचो.

काल सकाळी रुमलीबाईचा फोन आला. मामांनी फोन माझ्याच हातात दिला, मी स्पीकर लावला.

"दादा, धरण भरलं. पाणी रेघेला लागून थांबलं."

"बुडबुडा?" मामांना एवढंच विचारता आलं.

"मी मारली होती ना टिचकी. तूच सांगायचा, तुझी बाई मारायची म्हणून."

फोन ठेवल्यावर मामा नळी गुंडाळू लागले. मग खाली बघूनच म्हणाले, "तीस वर्षं दुसरं टोक आमच्या हिच्याच हातात असायचं. टिचकी तीच मारायची. मी कधी मारलीच न्हाई, सर."