चौऱ्याऐंशी हजार सहाशे वीस

जुना सेल काढून झाला होता आणि नवा सेल जागेवर नव्हता.

लिफ्टवाल्यांनी टेबलाचा वरचा खण पुन्हा उघडला. डबी होती. डबीत कापूस होता. कापसात सेलाएवढा खड्डाही होता. सेल तेवढा नव्हता.

"अगं, या डबीतला सेल पाहिलास का?" त्यांनी आतूनच हाक मारली.

"कुठला हो भाऊजी?" मेहुणी हात पुसत दारात आली.

"बटणाएवढा. दोन्ही बाजूंना पत्र्याचे पाय होते त्याला."

"हां, तो! पाय नव्हते काही, घाण चिकटली होती. मी पकडीनं ओढून काढली."

लिफ्टवाले खुर्चीत बसले. म्हणजे बसलेलेच होते, आणखी खाली गेले.

"का काढलीस?"

"वजनकाट्यात बसेना म्हणून. काट्याचा सेल संपला होता. तुमच्याकडे तर सेलांची खाण आहे, म्हटलं एक घेतला तर काय मोठंसं."

"मग आता तो काट्यात आहे?"

"छे! चार किलो जास्त दाखवायला लागला. असला खोटारडा सेल घरात कशाला ठेवू? कचऱ्यात टाकला. सकाळीच गेली गाडी."

लिफ्टवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी गावभरच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे सगळे त्यांना तसंच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या व्हिडिओ गेमचा नाद लागला. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली पडलेले, पिवळे पडलेले कन्सोल ते आणत, उघडत, दातांच्या ब्रशनं घासत आणि चालू करून दाखवत. कपाटात असे अकरा कन्सोल होते आणि कॅसेटी किती होत्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. भिंतीवर त्यांच्या हातची एक पाटी होती: 'कॅसेटमध्ये फुंकू नये.' लहानपणी सगळ्यांनी फुंकलेलं असतं, पण तोंडाच्या वाफेनं आतली पितळ गंजते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ती पाटी मुळात बायकोसाठी होती. बायको या सगळ्याला भंगार म्हणायची. पण भंगारातली एक कॅसेट तिला आवडली. वरून वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे पडतात, ते फिरवून ओळी भरायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते, एवढाच खेळ. रोज दुपारी जेवण झालं की ती सोफ्यावर मांडी घालून बसे, कॅसेटमध्ये जोरात फुंके, पाटीकडे बघून हसे आणि खेळे. त्या कॅसेटमध्ये एकच विक्रम राहायचा, सगळ्यांत मोठा. बाकीचे पुसले जात. तिचा विक्रम चौऱ्याऐंशी हजार सहाशे वीस. लिफ्टवाल्यांनी चार वर्षं झटून पाहिलं, पण त्यांची गाडी साठ हजारांपुढे कधी गेली नाही.

बायकोला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. लिफ्टवाले दर रविवारी कॅसेट लावत, तो आकडा बघत आणि बंद करत. खेळत नसत.

वीज बंद असताना तो आकडा कॅसेटच्या आतला सेल धरून ठेवतो. सेल मेला की आकडा शून्य. गेल्या रविवारी त्यांनी मोजला, तर तीन व्होल्टचा सेल सव्वादोनवर आला होता. उपाय त्यांना ठाऊक होता. कॅसेटचं कवच काढायचं, आतलं सर्किट उघडंच कन्सोलमध्ये खोचायचं आणि कन्सोल चालू ठेवायचा. मग आकड्याला वीज कन्सोलकडून मिळते. तेवढ्यात जुना सेल काढून नवा सोल्डर करायचा. दहा मिनिटांचं काम. खाली इमारतीच्या दारावर नोटीस होती, आज चार वाजता नवे मीटर बसवण्यासाठी तासभर वीज बंद. पण दोन वाजता सुरू होणाऱ्या दहा मिनिटांच्या कामाला चारची काय भीती!

आता दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. जुना सेल परत लावावा, तर त्याचे गंजलेले पाय काढताना सर्किटवरच तुटून राहिले होते. कन्सोल चालू होता. टीव्हीवर आकडा दिसत होता. त्याला धरून होती ती फक्त भिंतीतली वीज.

"हे बघ," लिफ्टवाले शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "मी सेल आणायला जातो. हा कन्सोल बंद पडला तर आकडा जाईल."

"कुठला आकडा?"

"तुझ्या ताईचा."

मेहुणीनं टीव्हीकडे पाहिलं. "अगं बाई, अजून आहे होय तो!"

"आहे. म्हणून सांगतो. या बटणाला हात लावायचा नाही. या वायरीवरून चालायचं नाही. इस्त्री लावायची नाही, मिक्सर लावायचा नाही. फ्यूज जुना आहे."

"आणि श्वास?"

"घे. पण कॅसेटवर सोडू नकोस."

मेहुणी बायकोची पाठची बहीण. भाऊजी नीट जेवतात की नाही ते बघायला चार दिवसांसाठी आली होती आणि आल्यापासून घरातली एकही वस्तू तिनं होती तिथे राहू दिली नव्हती. दोघी बहिणी जन्मभर एकमेकींशी स्पर्धा करत आल्या. परीक्षेत, पत्त्यांत, उंचीत, केसांच्या लांबीत. ताई बहुतेक वेळा जिंकायची आणि मेहुणी प्रत्येक वेळी म्हणायची, "मुद्दाम हरले." या ठोकळ्यांच्या खेळातही ती एकदा बसली होती. एक्क्याऐंशी हजारांवर आटोपली आणि म्हणाली, "पाहुणी आहे, म्हणून मुद्दाम हरले." ताई त्यावर तीन दिवस हसत होती.

सुट्या भागांचं दुकान चौकापलीकडे होतं. दुकानदार काउंटरवर डोकं टेकून झोपला होता.

"लिफ्टवाले! आज भर दुपारी?"

"पाय असलेला बटण सेल हवा. लवकर."

"कसली घाई? बसा की. परवाच एक जुना कन्सोल आलाय, तुम्ही बघाच."

"नंतर बघतो. सेल."

दुकानदारानं एक खोका काढला. त्यात रिमोटची बटणं होती. दुसरा काढला, त्यात पहिल्या खोक्याची झाकणं होती. तिसरा काढताना चौथा खाली पडला आणि दोघंही गुडघ्यांवर बसून स्क्रू वेचू लागले. वेचता वेचता दुकानदारानं आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. स्क्रू संपले तरी ऑपरेशन संपेना.

"पायवाला संपलाय," शेवटी तो म्हणाला. "साधा आहे. त्याच्यासाठी ही डबी घ्या, वायरीवाली. दोन वायरी सोल्डर करा, सेल डबीत खटकन बसवा. पुढच्या वेळी सोल्डर करायलाच नको. हे आधीच करायला हवं होतं तुम्ही."

"बरोबर आहे," लिफ्टवाले म्हणाले. एरवी त्यांनी वाद घातला असता.

इमारतीच्या दारात पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. एकतीस वर्षं लोक असं बटण दहादा दाबत आणि लिफ्टवाले त्यांना सांगत, 'एकदा दाबलं तरी तिला कळतं.' आज त्यांनी स्वतः अकरा वेळा दाबलं.

वीज गेली! पंधरा मिनिटं आधीच!

चार मजले ते कसे चढले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तिसऱ्या मजल्यावर मीटरवाला भेटला, पेटी खांद्याला लावून निवांत वर चाललेला.

"वीज... बंद... केली?"

"नाही हो काका. फक्त लिफ्टची केलीय. घरांची चारला. चौथ्याचा मेन स्विच कुठाय?"

"माझ्या दाराशेजारी," लिफ्टवाले म्हणाले आणि जीभ चावली.

दार उघडलं तर मेहुणी सोफ्यावर मांडी घालून बसली होती. हातात कंट्रोलर होता. टीव्हीवर ठोकळे पडत होते.

"अगं काय करतेस!"

"बोलू नका भाऊजी, लय जाते."

"हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"त्या बटणाला म्हटलं होतं. या बटणांबद्दल काही बोलला नव्हता. टीव्हीवर लिहून आलं, खेळण्यासाठी बटण दाबा. दाबलं. नुसतं बघत किती वेळ बसायचं माणसानं?"

लिफ्टवाल्यांनी कोपऱ्यातला आकडा पाहिला. अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे.

"एक मिनिट थांबव. सोल्डर करायचंय."

"थांबवते. पण धक्का लावाल तर बघा. सव्वा तासाची मेहनत आहे माझी."

तिनं खेळ थांबवला. लिफ्टवाल्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि प्लग काढून घेतला, कारण चालू सर्किटला प्लग लावलेलं आयर्न टेकवत नाहीत. आता ते निवायच्या आत काम उरकायचं होतं. तेवढ्यात मीटरवाला दारात आला.

"काका, चार वाजले. करू का बंद?"

"नको!" दोघंही ओरडले.

"काय चाललंय?" तो आत आला. टीव्ही बघून त्याचा चेहरा फुलला. "अरे, हा खेळ! आम्ही फुंकून फुंकून लावायचो!"

"फुंकू नका," लिफ्टवाले मान वर न करता म्हणाले. "टॉर्च धरा. इकडे, जरा खाली."

मीटरवाल्यानं टॉर्चचा उजेड पाडला. जुने पाय निघाले. पहिली वायर बसली. टीव्हीवरचं चित्र हललं, तिघांनी श्वास रोखला, चित्र थांबलं. दुसरी वायर बसली. सेल डबीत खटकन गेला. लिफ्टवाल्यांनी मोजलं. तीन व्होल्ट, वर थोडं.

"झालं," ते म्हणाले आणि घाम पुसला. "आता वीज गेली तरी चालेल."

"तुमचं चालेल," मेहुणी म्हणाली. "माझं नाही. मीटरवाले, पाच मिनिटं."

"घ्या की ताई, दहा घ्या. खालचे लोक वाट बघतील." तो पेटीवरच बसला. "विक्रम किती आहे?"

"चौऱ्याऐंशी हजार सहाशे वीस."

"मोडताय तुम्ही! किती झाले? ब्याऐंशी? आरामात मोडताय!"

आणि तेव्हा कुठे लिफ्टवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सेल नवा होता, वायरी पक्क्या होत्या, पुढची वीस वर्षं आकडा पुसला जाणार नव्हता. कुठला आकडा, एवढाच प्रश्न होता.

"मोडला की जुना आकडा कुठे जातो हो?" मीटरवाल्यानं विचारलं.

लिफ्टवाले आयर्न पुसत होते. ते पुसतच राहिले. "कुठे नाही. एकच जागा आहे त्यात."

मेहुणीची बोटं चालू होती.

थांब म्हणावं, असं लिफ्टवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? बाई खरोखर सुंदर खेळत होती. अगदी ताईसारखी, जीभ थोडी बाहेर काढून. ताई असती तर तिनंच म्हटलं असतं, 'खेळू द्या तिला, मोडून दाखवू दे.' आणि मोडल्यावर महिनाभर जेवली नसती.

त्र्याऐंशी हजार आठशे. चौऱ्याऐंशी हजार शंभर.

ठोकळे वरपर्यंत आले होते, पण उजवीकडे एक उभी फट तिनं मोकळी ठेवली होती. लांब दांडी त्या फटीत पडली की चार ओळी एकदम जाणार होत्या. आठशे गुण. आणि पुढचा ठोकळा दाखवणाऱ्या चौकटीत लांब दांडी आली.

"आली! आली दांडी!" मीटरवाला उभा राहिला. "हा चौकोन डावीकडे टाका ताई, मग दांडी, की संपलं!"

चौकोन खाली येत होता. डावीकडे त्याच्यासाठी जागा होती. मेहुणीनं तो उजवीकडे नेला, बरोबर फटीच्या तोंडावर, आणि खालचं बटण दाबून धरलं.

फट बंद झाली. दांडी आली ती वरच्या वर अडकली. पडदा भरला आणि खेळ संपला. खाली जुना आकडा आपला होता तिथेच होता.

मीटरवाल्यानं कपाळावर हात मारला. "अहो, डावीकडे म्हटलं होतं! बटण अडकलं का?"

"अडकलं असेल बाई," मेहुणी म्हणाली. "भाऊजींची यंत्रं ही अशीच. हरले."

लिफ्टवाले तिच्याकडे बघत राहिले. पुढचे शब्द ते पस्तीस वर्षं ऐकत आले होते. ते आले नाहीत.

"मुद्दाम?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"छे हो! खरंच हरले," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तिथून नाक ओढल्याचा आवाज आला.

मीटरवाल्यानं मेन बंद केला. तासाभरानं चालू केला. लिफ्टवाल्यांनी कन्सोल लावला. चौऱ्याऐंशी हजार सहाशे वीस.

मग त्यांनी पेचकस घेतला आणि कंट्रोलर उघडला. सवयच होती तशी, कुणी बटण अडकलं म्हटलं की बघायचं. एकेक बटण त्यांनी दाबून पाहिलं, मल्टिमीटर लावून पाहिलं. सगळी लोण्यासारखी चालत होती.

"सापडलं का काही?" मेहुणीनं आतून विचारलं.

"हो," लिफ्टवाले स्क्रू परत लावत म्हणाले. "अडकतंय खरं. करतो दुरुस्त."