उपरण्याखालची बोटे

गाडी न विकण्याची माझी योजना इतकी निर्दोष होती, की ती आखून होताच मी स्वतःचे अभिनंदन केले आणि स्वतःलाच एक कॉफी पाजली!

आधी गाडीविषयी सांगतो. एकोणीसशे अडुसष्ट सालची, दोन दारांची, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार. अकरा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून मी ती उचलली, तेव्हा तिच्या बॉनेटमधून एरंडाचे झाड वर आले होते. मी आणि स्वारगेटजवळचा मेकॅनिक वैजनाथ, आम्ही दोघांनी तिला दुसरा जन्म दिला. गंज खरवडला, पत्रा ठोकला, जपानी इंजिन बसवले, डिस्क ब्रेक बसवले, एसीसुद्धा बसवला. आणि सूर्य मावळण्यापूर्वी आकाश जो एक क्षण संतापते, त्या संतापाच्या लाल रंगात तिला रंगवले. तो रंग जुळायला चौदा महिने लागले. दुकानदार दर खेपेस विचारी, "टोमॅटो देऊन टाकू का?" टोमॅटो!

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत एका घराला एकच पार्किंग. त्यात गाडी पांघरूण घेऊन झोपते आणि माझ्या पत्नीची, नम्रताची, स्कूटर रस्त्यावर उभी राहते. गेल्या महिन्यात ती स्कूटर तिसऱ्यांदा उचलून नेली गेली. नम्रता रिक्षाने घरी आली, पर्स टेबलावर आपटली आणि म्हणाली,

"पुष्कर, गाडी विक."

"नम्रता, ती नुसती गाडी नाही, ती..."

"कविता आहे. माहीत आहे. पण कविता वहीत मावते. हिला पार्किंग लागतं."

मी भयंकर चिडलो. आणि त्या चिडीतून योजना जन्मली. जाहिरात द्यायची, किंमत सांगायची चाळीस लाख. ग्राहक येतील, आकडा ऐकतील, भेदरलेल्या कबुतरांसारखे उडून जातील. मग मी खिन्न चेहऱ्याने नम्रताला सांगेन, "बघ, या शहराला सौंदर्य परवडत नाही."

रविवारी पांघरूण काढले. गाडी सुरू करून दाखवायला वैजनाथला बोलावून घेतले. सोसायटीचे अध्यक्ष बाळकाका, कोर्टातून निवृत्त झालेले लेखनिक, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. म्हणजे वर्तमानपत्र धरून आमचे ऐकत बसले होते.

पहिला ग्राहक पियुष. जुन्या गाड्यांचा संग्राहक, वय असेल अठ्ठावीस. त्याने बॉनेट उघडले आणि चेहरा असा केला, जणू आत उंदीर मेला होता.

"सर, इंजिन ओरिजिनल नाहीये?"

"नाही. हे अधिक चांगले आहे."

"ब्रेक्स?"

"तेही बदलले. थांबता यावे अशी माझी इच्छा होती."

"मग टेक्निकली ही ती कारच नाहीये ना, सर."

"आणि तू टेक्निकली माणूस आहेस का?" मी ओरडलो. त्याने गाडीसमवेत एक सेल्फी घेतला आणि किंमत न विचारताच निघून गेला.

"आपलं आदरातिथ्य वाखाणण्याजोगं आहे," बाळकाका वर्तमानपत्राआडून म्हणाले.

माझे कान तापले होते. पण योजना चालली होती!

मग सर्जेराव आले. मार्केट यार्डातले कांदा-लसणाचे आडते. शिडशिडीत, साठीचे, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणे. त्यांनी इंजिनाचे नावही काढले नाही. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. पुढच्या जाळीपाशी वाकून, दात पाहावेत तसे पाहिले. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर पाठ थोपटावी तसा हात फिरवला. एक पाऊल मागे सरून पुन्हा न्याहाळले, आणि पुटपुटले, "काय डौल हाय, मास्तर!"

अकरा वर्षांत त्या गाडीला कोणी डौल म्हटले नव्हते. माझ्या छातीत काहीतरी हलले.

"हात द्या," सर्जेराव म्हणाले.

त्यांनी माझा उजवा हात हाती घेतला आणि खांद्यावरचे उपरणे काढून दोघांच्या हातांवर पसरले. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझा हात असा कोणी धरल्याला युगे लोटली होती. त्या पांढऱ्या अंधारात त्यांनी माझी तीन बोटे मुठीत घेऊन हळुवार दाबली. तीन! भूत, वर्तमान आणि भविष्य! या मनुष्याला गाडी कळली होती. उत्तरादाखल मी त्यांची दोन बोटे घट्ट दाबली. या एकाकी जगात आपण दोघेच, असे मला सुचवायचे होते.

सर्जेराव दचकले. "नक्की?"

"अगदी अंतःकरणापासून."

"बगा हां, मागनं फिरायचं न्हाई."

"मी भावनेवरून कधीही फिरत नाही!"

"मग झालं!" त्यांनी उपरणे खसकन ओढले. "सौदा पटला! वीस लाख!"

मला वाटले, ऊन लागले. त्यांना की मला, एवढेच ठरायचे होते.

"कसले वीस लाख?"

"आता कसले म्हंजे? आमचा बाप बैलबाजारात दलाल. तितं भाव तोंडानं बोलत न्हाईत, न्हाईतर बगणाऱ्यांना कळतो. कापडाखाली बोटं दाबायची. एक बोट म्हंजे धा. मी तीन दाबली, तीस लाख. तुमी दोन दाबली. इकणारा सवताच खाली उतरतोय म्हणल्यावर मी कशाला नको म्हणू?"

"मी प्रेमाने दाबली होती!"

"बाजारात प्रेमाचा आकडा नसतो, मास्तर."

"बाळकाका, तुम्ही सांगा! मी किंमत बोललो का?"

बाळकाकांनी वर्तमानपत्राची शिस्तीत घडी घातली. "आपण 'अगदी अंतःकरणापासून' म्हणालात. हे मी ऐकलं आहे आणि विचारल्यास लिहूनही देईन."

संतापाने माझ्या डोळ्यांपुढे तोच तो लाल रंग पसरला. एकच आशा उरली होती, वैजनाथ. तो उदगीरचा, बैलबाजार पाहत वाढलेला. मी त्याला पुढे ओढले.

"वैजनाथ, तूच न्याय कर! याला सौदा म्हणतात का?"

"साहेब, असं तोंडी काय कळंना. माझ्या हातावर दाबून दाखवा बरं." त्याने ग्रीसने माखलेला हात पुढे केला. सर्जेरावांनी तत्परतेने वर उपरणे टाकले. रागाच्या भरात मला बोटेही धड धरता येईनात. मी दाबून दाखवले.

वैजनाथने खेदाने मान हलवली. "साहेब, हे एक पूर्ण बोट आन् दुसऱ्याचं निम्मं. दीड झालं. पंधरा लाख."

"मला पंधराबी चालंल," सर्जेराव म्हणाले.

"हे प्रात्यक्षिक होते!" मी किंचाळलो. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. मागोमाग नम्रता जिन्यावरून खाली आली.

"काय झालं? किती म्हणाले?"

"वीस होते," बाळकाकांनी माहिती पुरवली. "आपल्या यजमानांनी घासाघीस करून पंधरावर आणले."

"न्या," नम्रता सर्जेरावांना म्हणाली. "तो आणखी कोणाचा हात धरायच्या आत न्या."

सर्जेरावांनी माझ्या हातून किल्ली घेतली, तिच्यातली साखळी अलगद सोडवली आणि ती साखळी माझ्या तळहातावर ठेवली. "दावं मालकाचं. जनावर आमचं."

झाले! माझ्यातला सुसंस्कृत मनुष्य त्या क्षणी संपला. मी दार उघडले, चालकाच्या सीटमध्ये स्वतःला झोकून दिले, दोन्ही दारांना आतून कड्या लावल्या आणि काचेमागून गर्जना केली, "आता न्या बघू!"

सर्जेराव वाकून काचेतून पाहू लागले. "गाय वासरासकट घेत्यात, मास्तर. बैल मालकासकट कुणी घेत न्हाई."

मी तोंड फिरवले. आत भट्टी पेटली होती. एसी होता, पण तो इंजिनावर चालतो आणि इंजिनाची किल्ली शत्रूच्या खिशात. पाच मिनिटांत माझा सदरा भिजला. दहाव्या मिनिटाला मी तात्त्विक माघार घेण्याचे ठरवले, दार उघडले आणि उठू लागलो.

उठता येईना!

ती सीट शर्यतीच्या गाडीत असते तशी खोलगट, दोन्ही बाजूंनी कंबर आवळून धरणारी. वैजनाथने अकरा वर्षांपूर्वी खास माझ्या मापाने बनवून घेतली होती. माप तेच होते. मी तो राहिलो नव्हतो. मी डावीकडून जोर लावला, उजवीकडून लावला, स्टीअरिंगला लोंबकळलो. सीटने मला बाटलीतल्या बुचासारखे धरून ठेवले.

"साहेब," वैजनाथने खालच्या आवाजात विचारले, "हितं शेवटचं कधी बसला होता?"

मी बाहीने स्टीअरिंग पुसू लागलो.

सर्जेराव माझ्या खांद्यावरून आत मीटरकडे डोकावले. "दोनशे बारा किलोमीटर? ही वर्षाची धाव?"

"अकरा वर्षांची," नम्रता म्हणाली. "ओरखडा पडेल म्हणून नेत नाही."

आता सर्जेराव संतापले. मला संतापाची पारख आहे; तो खरा होता. "अकरा वर्सं जुंपलीच न्हाई? नुसती दावणीला बांधून चारा घातला? आन् वर रडताय?" त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "मोडला सौदा. तुमाला बोटं कळत न्हाईत, तसला फायदा मला नको. आता तोंडानं इचारतो. तीस देतो. पर ही चालवणार असाल तर न्हाई म्हणा, मी हा चाललो."

त्या मनुष्याने माझी तक्रारसुद्धा माझ्यापासून काढून घेतली! इतक्या सभ्य माणसाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. ओरडायला मी श्वास घेतला, पण सीटने छातीही आवळलेली. श्वास अर्ध्यावरच राहिला.

नम्रता दाराशी उकिडवी बसली. आवाजातली धार गेली होती. "खरं सांग. चालवशील? तू नेणार असलास तर माझी स्कूटर राहू दे रस्त्यावर."

हो म्हणायला किती सोपे होते! पण समोर काचेबाहेर रस्ता होता. त्यावर खड्डे, टँकर, रिक्षा, गाडीकडे वळलेल्या प्रत्येकाच्या हातातला दगड. माझ्या मनात ती गाडी नेहमी उभीच असे. स्वप्नातही मी तिला पुसतच असे.

"घेऊन जा!" मी खेकसलो.

"हो, पण आधी आम्ही तुला बाहेर काढतो," नम्रता म्हणाली.

वैजनाथने नटबोल्ट काढले. तिघांनी मला सीटसकट उचलून फरशीवर ठेवले आणि बाळकाकांच्या देखरेखीखाली एकाने सीट ओढली, दोघांनी मला. सीट परत बसवली. सर्जेराव तिच्यात असे सरकले, की जणू पाकिटात पत्र.

त्यानंतर तीन रविवार ते फोन करत राहिले. "मास्तर, येताय का? घाटापलीकडच्या खानावळीला माल द्यायचाय." माझ्या गाडीतून माल! दोन वेळा मी फोन आपटला. तिसऱ्या वेळी, केवळ समक्ष भांडता यावे म्हणून गेलो.

डिकी भरलेली होती, म्हणून उरलेले एक पोते माझ्या मांडीवर आले. दारावर बोटभर लांबीचा ओरखडा होता. मी बोलायला तोंड उघडले, तोच कात्रजचा चढ लागला, सर्जेरावांनी गिअर बदलला, आणि ते इंजिन, जे मी अकरा वर्षे बहुतेक पार्किंगच्या भिंतींतच ऐकले होते, उघड्यावर पहिल्यांदा पूर्ण आवाजात बोलले. वळणे मागे पडत गेली. शिव्या मी मनात नीट जुळवून आणल्या होत्या. त्यातली एकही आठवेना.

"मास्तर, रडताय व्हय?"

"कांदे!" मी डाफरलो. "एवढे पोते मांडीवर दिले आहे, डोळे झोंबणार नाहीत?"

सर्जेरावांनी पुढचे वळण घेतले. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पोत्यात लसूण हाय."